पावती घेतल्याशिवाय उठू नका

वाचकांचे प्रश्न : सरकारी योजना आणि आपलं गाव

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मी २९ वर्षं अंगणवाडी चालवली. घरात मराठी, रजिस्टरं कन्नडात. त्यामुळे गावात कुणालाही कचेरीचा कागद आला की तो आधी माझ्या ओट्यावर यायचा, मग घरात जायचा. निवृत्त झाले तरी कागद यायचे थांबले नाहीत. या सदरात तेच काम आता पत्रांतून चालतं. पत्रांतली नावं गाळली आहेत, ठिकाण तालुक्यापुरतंच ठेवलं आहे.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझं माहेर चंदगड तालुक्यात, सासर बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, अगदी हद्दीवर. लग्नाला चार वर्षं झाली. रेशन कार्डात माझं नाव अजून माहेरीच आहे. इथल्या कार्डावर सासूबाई मुख्य होत्या, त्यांना गृहलक्ष्मीचे दोन हजार यायचे. दिवाळीनंतर त्या वारल्या. पैसे आणखी दोनदा आले, मग बंद झाले. सेवा केंद्रात गेलं की ‘सर्व्हर नाही, पुढच्या आठवड्यात या’ म्हणून फिरवायल्यात. माझी बहीण चंदगड तालुक्यातच दिली आहे, तिला लाडकी बहीणचे दीड हजार मिळतात. संध्याकाळी आमच्या माळावरून तिच्या गावचे दिवे दिसतात. मला दोन्हीतलं एक तरी मिळेल काय?

उत्तर : पोरी, मिळेल. पण वेळ लागेल, आणि कामं ओळीनं करावी लागतील.

आधी लाडकी बहीणचं सांगते, कारण तिथं आशा धरून बसू नयेस. ती योजना महाराष्ट्रात राहणाऱ्या बाईसाठी आहे. परराज्यात जन्मलेली मुलगी महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न करून तिकडं गेली, तर नवऱ्याच्या कागदांवर तिला अर्ज करता येतो. तुझं नेमकं उलटं झालंय. तू तिथं जन्मलीस आणि इकडं नांदायला आलीस. ‘माहेरच्या कार्डात नाव आहे ना, भरून टाक’ असं सांगणारी माणसं दोन्ही बाजूंना भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. आधार एकच असतं. आज ना उद्या तपासणी होते आणि मग इथलंही अडकतं. दोन बहिणींच्या मधे एक माळ आणि एक ओढा, आणि एकीचा पैसा चालू, दुसरीचा बंद, हे बघून वाईट वाटतं. पण तुझा हक्क कर्नाटकातला आहे आणि तो पुरता आहे, म्हणून तो नीट मिळवू या.

गृहलक्ष्मी ३० ऑगस्ट २०२३ ला म्हैसूरला सुरू झाली. घरच्या यजमानीला महिना २००० रुपये. यजमानी कोण, हे रेशन कार्ड ठरवतं, घरातली माणसं नव्हे. एका कार्डावर एकच बाई. ती किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटीचं विवरण भरत असेल तर मिळत नाही. तुमच्यात तशी अडचण दिसत नाही.

आता ओळ. पहिलं काम सासूबाईंच्या मृत्यूच्या दाखल्याचं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर फुकट होते, नंतर उशिराचा खर्च आणि हेलपाटे वाढतात. नोंद झाली असेलच, दाखल्याच्या तीन-चार प्रती काढून ठेव. दुसरं काम चंदगडला. तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत वडिलांना घेऊन जा, त्यांच्या कार्डातलं तुझं नाव कमी करून घे आणि नाव कमी केल्याचा दाखला हातात घे. ‘झालं, जावा’ एवढ्यावर परत येऊ नकोस. तो दाखला दाखवल्याशिवाय इकडं तुझं नाव चढणार नाही, कारण एक माणूस दोन कार्डांत राहू शकत नाही. आणि ऐक, हे होईपर्यंत आधारवरचं नाव बदलू नकोस. आमच्याकडं एका सुनेनं आधी आधारवर सासरचं नाव लावलं आणि मग माहेरचं कार्ड काढलं, तर तिकडच्या यादीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना. सात महिने गेले तिचे.

दाखला आला की आधारवर पत्ता बदल, लग्नाची नोंद जोड, नाव बदलायचं असेल तर तेव्हाच बदल. मग इथल्या कार्डातून सासूबाईंचं नाव कमी करून तुझं चढवायचा अर्ज. तुमच्या घरात सासरे, नवरा आणि दोन मुलं, म्हणजे मोठी बाई तूच. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या १३ व्या कलमात सरळ लिहिलंय की घरातली १८ वर्षांवरची सगळ्यांत मोठी बाई हीच रेशन कार्डापुरती कुटुंबप्रमुख. हे कलम मला फार मोलाचं वाटतं. मी अंगणवाडीत लागले तेव्हा कार्डावर बाईचं नाव पहिलं बघितल्याचं आठवत नाही. रेशन दुकानदार काही म्हणाला तर त्याला कलमाचा आकडा सांग.

कार्डावर नाव चढवायचं काम वर्षभर चालू नसतं. कधी उघडतं, कधी बंद असतं. म्हणून सेवा केंद्रातला पोरगा खोटंच बोलतो असं मी म्हणणार नाही, सर्व्हर खरंच जातो. पण ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर नव्हे. अर्ज घेतला असेल तर नंबर मिळाला पाहिजे, घेतला नसेल तर का घेतला नाही ते कळलं पाहिजे. सेवा केंद्रात दाद लागत नसेल तर साध्या कागदावर अर्ज लिही, तालुक्याच्या आहार खात्यात, म्हणजे रेशनच्या कचेरीत, दे आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घे.

बँकेचंही बघ. तुझं खातं माहेरच्या नावाचं असणार. इथल्या बँकेत खातं काढ आणि त्याला आधार जोड. नुसतं खात्याला आधार जोडून भागत नाही, सरकारी पैसे ज्या खात्यात उतरायचे ते खातं म्हणून त्याची नोंद व्हावी लागते. बँकेत स्पष्ट विचार, ‘सरकारचे पैसे आधारवरून याच खात्यात येतील ना?’ हे सगळं झालं की मगच गृहलक्ष्मीचा अर्ज. हप्ता ठरल्या तारखेला पडतोच असं नाही, कधी दोन-तीन महिन्यांचा एकदम येतो, तेव्हा घाबरू नकोस.

सासूबाईंच्या मागे जमा झालेले ते चार हजार काढू नका. एटीएम घरात असेल, पिन पोरांना पाठ असेल, तरी नको. बँकेत मृत्यूचा दाखला द्या आणि हे पैसे नंतर आल्याचं लेखी कळवा. त्यांची आधीची जी शिल्लक असेल ती वारसाला रीतसर मिळते.

प्रश्न : मी निपाणीत विड्या वळते. कोल्हापूरला दवाखान्यात जाताना कर्नाटकाच्या गाडीत पूर्ण तिकीट घेतात. बायकांना फुकट आहे म्हणतात ते काय मग?

उत्तर : मावशी, शक्ती योजना ११ जून २०२३ पासून आहे, पण ती कर्नाटकातल्या कर्नाटकात, साध्या गाड्यांना. परराज्यात जाणाऱ्या गाडीला ती लागू नाही. कोगनोळी ओलांडून कागलला पोचलात की पुढं महाराष्ट्राच्या एसटीत बसा. तिथं १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत बायकांना अर्धं तिकीट आहे. आणि इकडच्या गाडीत मिळतं ते शून्याचं तिकीट टाकून देऊ नका. त्या तिकिटांच्या मोजणीवर सरकार परिवहन मंडळाला पैसे भरतं, म्हणजे तुमच्या फेरीचा तो पुरावा आहे.

प्रश्न : वडिलांचं वय ७१. संध्या सुरक्षा पेन्शनसाठी अर्ज केला होता, त्याला कन्नडात कागद आला. गावात वाचायला दिला तर एक म्हणतो मंजूर, दुसरा म्हणतो नामंजूर. आम्ही मराठीतून अर्ज द्यायला गेलो तर घेईनात. बाई, खरं सांगा, कन्नडात अर्ज लिहून दिला तर आपलं म्हणणं आपणच सोडल्यासारखं होत नाही काय? (बेळगाव तालुका, दक्षिण भाग)

उत्तर : दादा, तुम्ही कागदाची झेरॉक्स जोडलीत हे बरं केलंत. त्यात शेवटच्या ओळीत ‘तिरस्करिसलागिदे’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ नामंजूर केलं आहे. कारण त्याच्या वरच्या ओळीत आहे : वयाचा पुरावा जुळत नाही.

हा शब्द बघून माझ्या पोटात कालवलं, कारण तो माझ्या घरात एकदा येऊन गेलाय. माझ्या आईनं याच पेन्शनसाठी अर्ज केला होता. मी तेव्हा बाळंतपणासाठी लेकीकडं गेले होते. कागद आला, भावानं अक्षर लावून वाचला, आणि आईला एवढंच कळलं की सरकारनं तिचा तिरस्कार केलाय. तिनं तो कागद घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवला आणि कुणाला काही बोलली नाही. वर्षानं डबा हलवताना मला सापडला. कारण एवढंच होतं की अर्जावर वय ६७ आणि मतदार ओळखपत्रावर ६२. संध्या सुरक्षेला ६५ पूर्ण लागतात. सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला काढला, नव्यानं अर्ज दिला आणि पेन्शन सुरू झालं. मधलं वर्ष गेलं ते गेलंच. कन्नडात त्या शब्दात अपमान नाही, कचेरीचा रोजचा शब्द आहे. पण एक म्हातारी बाई वर्षभर तो अपमान गिळून बसली होती.

म्हणून सांगते, असे आठ-दहा शब्द पाठ करा. हेसरु म्हणजे नाव. तंदे म्हणजे वडील, गंड म्हणजे नवरा. विळास म्हणजे पत्ता. पडितर चीटि म्हणजे रेशन कार्ड. कुटुंबद मुख्यस्थे म्हणजे कुटुंबातली मुख्य बाई. अर्जी म्हणजे अर्ज. बाकि इदे म्हणजे काम अजून व्हायचं आहे. आणि सगळ्यांत घोटाळ्याचा शब्द पावती. कन्नडात पावती म्हणजे पैसे भरणं. तुम्ही खिडकीवर ‘पावती द्या’ म्हणालात तर समोरच्याला वाटतं तुम्ही पैसे भरल्याचं सांगताय. आपल्याला हवी ती पोच, तिला ‘स्वीकृति’ म्हणतात. ‘स्वीकृति कोडि’ एवढं म्हटलं की पुरे.

पोच मागायचं बळ तुमच्यामागं आहे. कर्नाटकात सेवा वेळेत देण्याचा कायदा २०११ चा आहे, सकाल नावानं तो २०१२ पासून चालतो. त्यात ज्या सेवा येतात त्यांच्या अर्जाला नंबर मिळतो, प्रत्येक कामाचे दिवस ठरलेले असतात, आणि मुदत टळली तर दिवसाला २० रुपयांप्रमाणे भरपाई मागता येते. रक्कम लहान आहे, पण नंबर असला की ‘तुमचा अर्जच आला नाही’ असं कुणी म्हणू शकत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. घटनेच्या ३५० व्या कलमानं तक्रारीचा अर्ज देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क दिलाय. ज्या भागात एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेत छापाव्यात, हे देशपातळीवर ठरलेलं आहे. आणि हे पाळलं जातंय की नाही बघायला ३५०-ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहेत. म्हणजे मराठीत अर्ज देणं ही मेहेरबानी मागणं नव्हे. मराठीत लिहा, खाली सही मराठीत करा. घेतला नाही तर तोच अर्ज रजिस्टर टपालानं पाठवा आणि टपालाची पोच जपून ठेवा.

पण वडिलांचं पेन्शन आहे दादा, आणि वय ७१ आहे. मी असते तर मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडली असती. बेळगाव महाराष्ट्रात यावं हा सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालेल. आमच्या पिढीनं १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्य दिनाला, काळा दिवस पाळला आणि २ नोव्हेंबरला अंगणवाडीतल्या पोरांची वजनं कन्नड रजिस्टरात लिहिली. त्यात मला कधी काही सोडल्यासारखं वाटलं नाही. पोरांना खाऊ मिळायचा होता, तो त्या रजिस्टरातून मिळत होता. मराठीचा हक्क मागत राहायचा, पण कन्नड वाचता येत नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाचं औषधपाणी अडू द्यायचं नाही, असं माझं मत आहे. ते सगळ्यांना पटणार नाही हे मला ठाऊक आहे.

प्रश्न : गृहलक्ष्मीचा फॉर्म भरायला आमच्याकडं २०० रुपये घेतले. बरोबर आहे काय?

उत्तर : नाही. तो अर्ज फुकट आहे. पैसे का घेतले ते लेखी मागा, आणि पंचायतीत पीडीओंकडं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडं, तक्रार द्या.

प्रश्न : आमचं गाव खानापूरच्या जंगलाकडेला. दोन म्हशी, एक गाय, घरात पाच माणसं. पंचायतीतून गोबरगॅसला अनुदान आहे म्हणतात. वडील म्हणतात जुन्या काळात गावात चार टाक्या बांधल्या होत्या, चारी बंद पडल्या, आता त्यात शेळ्या बांधतात. उज्ज्वलाचं सिलिंडर आहे पण वेळेवर येत नाही. बांधावं काय?

उत्तर : बाळा, बांध. पण आधी शेण मोज, मग गवंड्याला बोलाव.

माझ्या परसात दीनबंधू पद्धतीची टाकी आहे, जमिनीत पुरलेली, विटांच्या घुमटाची. लोखंडी झाकण वरखाली होणारी जुनी टाकी गंजायची, आणि आपल्याकडच्या पावसात लवकरच गंजायची. तुमच्या गावातल्या चार टाक्यांतल्या काही तरी तशाच गेल्या असणार. बाकीच्या का गेल्या ते विचारून ये. माझा अंदाज आहे की जनावरं विकली आणि टाकी उपाशी राहिली. देशात गोबरगॅसचा मोठा कार्यक्रम १९८१-८२ पासून चाललाय. टाकी बांधून झाली की फोटो निघाला, आकडा वर गेला. दोन वर्षांनी ती पेटते की नाही हे बघायला कोण येत होतं?

हिशेब असा. एका घनमीटरच्या टाकीला रोज साधारण २५ किलो शेण लागतं. दोन घनमीटरची टाकी पाच माणसांचा स्वयंपाक करते, तिला ५० किलो. म्हैस दिवसाला पंधराएक किलो देते, गाय दहाएक. म्हणजे तुझ्या गोठ्यात जेमतेम ४० किलो, तेही जनावरं घरात बांधलेली असतील तर. दिवसभर रानात चरायला सोडलीस तर निम्मं शेण रानातच पडतं. म्हणून आठ दिवस बुट्टीनं मोज. माझ्या बुट्टीत बारा किलो बसतं, मी रोज सकाळी चार बुट्ट्या टाकते. तुझ्याकडं तीनच भरत असतील तर लहान टाकी बांध. मोठ्या टाकीला अनुदान जास्त म्हणून मोठी घेऊ नकोस. उपाशी मोठ्या टाकीपेक्षा पोट भरलेली लहान बरी.

शेणाएवढंच पाणी घालून हातानं कालवायचं, गोळी राहू द्यायची नाही, काडी-कचरा वेचून काढायचा. साबणाचं, फिनेलचं पाणी चुकूनही जाऊ द्यायचं नाही, आतला जीव मरतो आणि गॅस थांबतो. पहिली भरणी मोठी असते, त्यासाठी महिनाभर शेण साठवावं लागतं, शेजाऱ्यांकडूनही आणावं लागतं. पहिला गॅस पेटत नाही, तो सोडून द्यायचा. पेटला नाही म्हणून टाकी बिघडली असं समजून सोडलेली माणसं मी बघितलीत. जून-जुलैत तोंडावर पत्रा झाक, नाहीतर पावसाचं पाणी आत जाऊन सगळं पातळ होतं. पौष-माघात गॅस कमी येतो, तेव्हा दूध तापवणं सिलिंडरवर. ज्योत फडफडली तर नळीत पाणी साचलंय, खालचा नळ उघडून काढ.

अनुदान काम झाल्यावर, तपासणी होऊन, खात्यात येतं. गवंड्याला आणि विटांना पैसे आधी तुझ्या हातात हवेत, ते व्याजानं काढू नकोस. किती मिळेल हे टाकीच्या आकारावर आणि प्रवर्गावर ठरतं, तालुका पंचायतीत विचार आणि मंजुरीचा कागद हातात पडल्याशिवाय खड्डा खणू नकोस. आधी खणलेल्याला ‘जुनं काम’ म्हणून नाकारल्याचं आमच्या गावात घडलंय.

आणि बाहेर पडणारी स्लरी वाया घालवू नकोस. आम्ही ती भाताच्या तरव्याला सोडतो. कच्च्या शेणखतात तणाचं बी जिवंत राहतं, टाकीत ते बरंचसं कुजून जातं, त्यामुळे खुरपणी हलकी होते. गॅसपेक्षा मला स्लरीचं मोल जास्त वाटतं, विकतच्या खताचं पोतं त्यानं कमी झालं.

सिलिंडर सोडू नकोस. उज्ज्वलाच्या सिलिंडरला केंद्राकडून ३०० रुपये सूट आहे, ती घेत राहा. दोन्ही असू दे. चूल तेवढी बंद होऊ दे. अंगणवाडीत पोरांचे केस विंचरताना मला वासावरून कळायचं की कुणाच्या घरात चूल आहे आणि कुणाच्या नाही. चुलीच्या घरातली पोरं थंडीत जास्त खोकायची. त्यांच्या आया भीमगडच्या जंगलाच्या कडेनं डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन यायच्या आणि येताना कधी गव्याच्या, कधी वनरक्षकाच्या भीतीनं अर्ध्या वाटेत भारा टाकून पळायच्या. तुझ्या आईला विचार ती किती वेळा पळालीय.

प्रश्न : आमचं गाव जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात. रस्ता खणून घरोघर नळ बसवले, कंत्राटदार गेला. शिमग्यानंतर नळाला थेंब नाही. पंचायत म्हणते योजनाच संपली. बायका परत जुन्या झऱ्यावर जायल्यात. ग्रामसभेत बोलायचं आहे, काय मागू? (स्वसहाय्य संघातली एक तरुणी)

उत्तर : तुझ्या पट्ट्यात मलप्रभा जन्मते, पुढं सौंदत्तीपर्यंतची शेतं भिजवते, आणि तिच्या उगमाजवळच्या बायका घागर घेऊन उभ्या. याचं दुःख मला गेली कित्येक वर्षं आहे.

योजना संपलेली नाही. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याची मुदत २०२८ पर्यंत वाढवली. नळ बसवणं हे काम नव्हे, माणशी रोज ५५ लिटर पाणी देणं हे काम. तुझ्या घरात सहा माणसं धर, म्हणजे ३३० लिटर. पंधरा लिटरच्या घागरीनं २२ घागरी. तुमच्या संघातल्या दहा घरांनी आठ दिवस रोज किती घागरी नळातून भरल्या ते वहीत लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा, तारखेसह. ‘पाणी येत नाही’ या ओरडीला उत्तर असतं, ‘येतं की मधे मधे’. वहीला ते चालत नाही.

ग्रामसभेत तीन गोष्टी मागा. गावची पाणी आणि स्वच्छता समिती कुणाकुणाची आहे, त्यांची नावं. या योजनेत गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवून किट द्यायचं असतं, ते किट कुठं आहे? आणि कामाचा अंदाजपत्रकाचा कागद, त्यात पाण्याचा मूळ स्रोत कुठला धरलाय? मला वाटतं गोम तिथंच आहे. बोअर मारला असेल, मार्गशीर्षात चाचणीला पाणी आलं असेल, आणि चैत्रात खडक कोरडा पडला. हे सांगितलं नाही तर माहिती अधिकारात मागा. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, ३० दिवसांत उत्तर. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, हे लक्षात ठेवा, नाहीतर तेवढ्यावर परत येतो.

तुमचं बोलणं ठरावाच्या वहीत चढलं की नाही ते तिथंच वाचून बघा. कन्नडात लिहिलं असेल तर मोठ्यानं वाचून मराठीत सांगायला लावा, मगच सह्या करा. आणि ठरावाची शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात घ्या.

जुना झरा मात्र नळ आले तरी सोडू नका. आमच्या गावातला झरा नळ आल्यावर तीन वर्षं कुणी उपसला नाही, पालापाचोळ्यानं तोंड बुजलं आणि पाणी बाजूला फुटून गेलं. यंदा अक्षय तृतीयेच्या आधी आम्ही चौदा जणी टिकाव घेऊन गेलो. दीड दिवस लागला. वरच्या अंगाला जनावरं जाऊ नयेत म्हणून काटेरी कुंपण घातलं आणि उतारावर आडवे चर काढले. ही चराची कामं रोजगार हमीसारख्या कामातून पंचायतीला धरता येतात, ती पावसाच्या आधी मागायची असतात. तुमच्या सभेला अजून तीन आठवडे आहेत. तोवर एकदा झऱ्यावर जाऊन दगड टाकून खोली बघून या, आणि पाणी कुठल्या बाजूनं झिरपतंय त्याचं चित्र काढून मला पाठवा. पुढच्या अंकात त्यावर लिहीन.